वही पाहताना एक प्रश्न विचारा: केंद्रप्रमुख आणि विस्तार अधिकाऱ्यांना खुले पत्र

सन्माननीय केंद्रप्रमुख आणि शिक्षण विस्तार अधिकारी,

सप्रेम नमस्कार.

तपासणीसाठी आपली गाडी शाळेच्या फाटकाशी थांबली की पुढच्या पाच मिनिटांत काय होतं, हे आपल्यालाही ठाऊक आहे आणि आम्हालाही. मुलं उठून 'एक साथ नमस्ते' म्हणतात, कुणीतरी चहा सांगायला पळतं आणि टेबलावर वह्यांचा गठ्ठा येतो. गठ्ठ्यातल्या वरच्या चार वह्या कुणाच्या असतात, ते योगायोगानं ठरत नाही. आपण पानं चाळता. कव्हर आहे का, समास आखलाय का, तारीख आहे का, लाल शाई फिरली आहे का, खाली सही आहे का. एखाद्या पानावर वळणदार अक्षर दिसलं की आपण थांबता, 'वा' म्हणता, ते पोरगं लाजतं. मग शेरेबुक, मग चहा, मग पुढची शाळा.

माझी नोकरी २२ वर्षांची झाली. या सगळ्या वर्षांत वही उघडून एकाही साहेबांनी किंवा मॅडमनी मुलाला विचारलं नाही, "हे तू लिहिलंस का?" अक्षर त्याचंच आहे, ते दिसतंच. वाक्य कुणाचं आहे?

हे पत्र तेवढ्या एका प्रश्नासाठी आहे.

वहीत असतं काय, ते आधी सांगतो. घरी आई विचारते, "शुद्धलेखन काढलं का?" शुद्धलेखन म्हणजे खरं तर नियमाप्रमाणे बिनचूक लिहिणं. शाळेत मात्र त्याचा अर्थ झालाय, पुस्तकातल्या ओळी बघून उतरवणं. आणि ते कुणी 'लिहीत' नाही, 'काढतात'. चित्र काढतात तसं. मी एकदा दुसरीतल्या एका मुलीच्या मागे उभं राहून पाहिलं. एक वाक्य दहा वेळा लिहायचं होतं. तिनं आधी पहिला शब्द एकाखाली एक दहा वेळा लिहिला, मग दुसरा शब्द दहा वेळा, मग तिसरा. पान झकास भरलं. वाक्य काही तिच्या डोक्यातून एकदाही गेलं नाही. त्या पानावर मी 'छान' लिहिलं होतं, हे कबूल करतो.

बाकीच्या पानांवर प्रश्नोत्तरं असतात, फळ्यावरून उतरवलेली. तीसच्या तीस वह्यांत तेच उत्तर, स्वल्पविरामासकट. निबंध गाईडमधून येतो, हल्ली मोबाइलमधूनही येतो. श्रुतलेखनाला मी नावं ठेवणार नाही, त्यानं कान आणि हात यांची सांगड बसते. पण शब्द तिथंही मास्तरचेच. वर्षभरात दोनशे पानी वही संपते आणि त्यात मुलाचं स्वतःचं म्हणावं असं एक वाक्य सापडत नाही. दुसऱ्या कुणाच्या शाळेकडे बोट दाखवत नाही मी. माझ्या वर्गातल्या वह्या पहिली बारा वर्षं अशाच होत्या आणि शेरेबुकात त्यांना 'उत्कृष्ट' मिळालेलं आहे.

मग ती बकरी आली.

तिसरीतली एक मुलगी. मधल्या सुट्टीनंतर मी सहज म्हणालो होतो, काल घरी काय झालं ते लिहा. तिनं लिहिलं: "आमची बकरी येली. तिले तीन पिल्लं झाले. येक मेलं. मायनं त्याले बोरीखाली गाडलं. बकरी रातभर वरडली." पाच वाक्यं. मी लाल पेन घेतलं. 'येक'ला गोल, 'तिले'ला गोल, 'झाले'वर काट मारून 'झाली', 'त्याले', 'रातभर', 'वरडली'. पान गोवर आल्यासारखं दिसायला लागलं. खाली शेरा दिला: 'चुका सुधारून पाच वेळा लिही.' तिनं लिहिलं, पाचही वेळा.

पुढच्या आठवड्यात 'माझा आवडता प्राणी' हा निबंध होता. तिच्या वहीत एकही चूक नव्हती. "शेळी हा पाळीव प्राणी आहे. शेळीला चार पाय असतात. शेळी दूध देते." घरी ती 'बकरी' म्हणते, वहीत 'शेळी' आली. पिल्लू गेलं, बोर गेली, माय गेली, रात्र गेली. चार पाय मात्र आले. मी त्याला १० पैकी ९ गुण दिले आणि त्याच महिन्यात भेटीला आलेल्या साहेबांनी नेमकं तेच पान पाहून तिची पाठ थोपटली. ती शहाणी होती. शाळेत काय चालतं ते तिला एका आठवड्यात कळलं. मला कळायला आणखी दोन वर्षं गेली.

आता आपण म्हणाल, मास्तर, निपुण भारत आहे, चाचण्या आहेत, लेखन त्यातही आहेच की. आहे. निपुण भारत हे केंद्र सरकारचं अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झालं आणि २०२६-२७ पर्यंत तिसरीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यावं, असं त्याचं ध्येय आहे. पण शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, आमच्या तोंडी असतो तो आकडा एकच: तिसरीला मिनिटाला किमान ६० शब्द, समजून. वाचनाला घड्याळ लावता येतं. 'असर' या मुलांच्या शिक्षणाच्या घरोघरच्या पाहणीतही कार्यकर्ता घरी येऊन अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट वाचून घेतो, वजाबाकी-भागाकार करून घेतो, पण मनातलं काही लिहून घेत नाही. दारात उभं राहून ते जमणारही नाही, त्यांना दोष कशाला द्यायचा. गावात चावडी वाचन होतं. पोरगं सगळ्यांसमोर धडा वाचतं, म्हातारी माणसं कौतुकानं बघतात, मलाही बरं वाटतं. मुलानं स्वतः लिहिलेलं चार ओळींचं काही चावडीवर वाचावं, हे मात्र कुणाला सुचलं नाही. मलाही सुचलं नव्हतं.

सुचायची एक संधी आपल्या सगळ्यांना मिळाली होती. २०२३-२४ मध्ये दुसरी ते आठवीच्या पुस्तकांत प्रत्येक धड्यामागे कोरी पानं आली. दप्तराचं ओझं कमी करायचं म्हणून पुस्तकातच वही. पानाच्या डोक्यावर छापलं होतं, 'माझी नोंद'. मला ते दोन शब्द फार आवडले होते. माझी, म्हणजे त्या मुलाची. त्यानं धडा वाचून त्याच्या मनात काय आलं, कोणता शब्द अडला, मास्तर काय बोलले, ते त्यानं त्याच्या भाषेत टिपायचं. प्रत्यक्षात त्या पानांवर काय गेलं? प्रश्नोत्तरं. पुरली नाहीत म्हणून वेगळी वहीही आली, म्हणजे ओझं तेवढंच राहिलं. दोन वर्षांनी, २०२५-२६ पासून ती पानं बंद झाली. कागदाचा खर्च, पुस्तकाची जाडी यांवर पुष्कळ चर्चा झाली. 'माझी नोंद' खाली एकाही मुलाची नोंद का आली नाही, यावर एखाद्या शिक्षण परिषदेत पंधरा मिनिटं तरी बोलायला हवं होतं.

इथं थोडं आपल्याच घरात डोकावू. मुलांना स्वतःचं लिहू देत नाही म्हणतो, पण आम्ही शिक्षक तरी काय लिहितो? २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक नोंदी करायच्या, केवढी चांगली कल्पना! लगेच बाजारात तयार नोंदींची पुस्तकं आली, आता व्हॉट्सॲपवर पीडीएफ येते. 'गटकार्यात उत्साहाने भाग घेतो', 'परिसर स्वच्छ ठेवतो'. आम्ही बघून उतरवतो, अगदी सुंदर अक्षरात. त्या बकरीवाल्या मुलीच्या नोंदीत मी काय लिहिलं होतं, सांगू? 'प्राण्यांविषयी माहिती सांगते.'

शुद्धलेखनाचा मुद्दा मात्र झटकून टाकता येत नाही. मूल काहीही लिहील आणि आम्ही मान डोलवू, असं मला म्हणायचं नाही. पण सात वर्षांच्या मुलापुढे देवनागरी काय मांडून ठेवते, ते एकदा त्याच्या जागी बसून पाहा. 'किती' म्हणताना ओठातून आधी क येतो, मग इ. लिहिताना ह्रस्व वेलांटी क च्या आधी काढायची. 'सूर्य' मध्ये र आधी ऐकू येतो, कागदावर तो सगळ्यात शेवटी, पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. म्हणून पोरगं 'सुरय' लिहितं. ते चूक आहेच, पण अडाणीपणाचं नाही. त्यानं कानानं ऐकलं ते, ज्या क्रमानं ऐकलं त्या क्रमानं, इमानदारीनं मांडलं. ज्या मुलाला 'सुरय' लिहिता येतं, त्याला ध्वनी आणि अक्षर यांचं नातं समजलेलं असतं. रफार ही पुढची पायरी. फळ्यावरून 'सूर्य' हुबेहूब उतरवणाऱ्याला ते समजलं आहे की नाही, हे मला कळायला मार्गच नसतो. चूक ही माझ्यासाठी बातमी असते. बघून लिहिलेल्या पानावर बातमीच नसते.

आणि नियमांचं म्हणाल तर साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ साली आले, १९७२ साली त्यांत ४ वाढले. या १८ नियमांवर पदवीधर माणसं अजून भांडतात. माझ्याच रजेच्या अर्जात 'सहायक' लिहायचं की 'साहाय्यक', इथं माझं पेन दर वेळी अडतं. लिपीचं तर त्याहून गमतीचं. पुस्तकात पाकळीचा ल, घरच्या मोबाइलवर हिंदी वळणाचा ल. एका पोरानं मला विचारलं, "सर, यातला खरा ल कोणता?" मराठी लिपीबद्दलचा शासनाचा २००९ चा निर्णय मी त्याला सांगितला नाही. म्हटलं, दोन्ही ल आहेत, आपण शाळेत हा काढू.

बोलीचं दुखणं याहून खोल आहे. पश्चिम विदर्भातलं माझं गाव. इथं 'मले', 'तुले', 'माह्या' हे पोटातून येतात. 'जवारी' लिहिणाऱ्या मुलाला मी वर्षानुवर्षं चूक दिली. त्याच्या घरात, शेतात, बाजारात सगळे 'जवारी'च म्हणतात. त्यानं ती अक्षरशः बरोबर लिहिली होती. तरी आमची पोरं मराठीच्या आत आहेत. मेळघाटात कोरकू बोलणारं, डहाणूकडे वारली बोलणारं मूल पहिल्या दिवशी वर्गात बसतं, तेव्हा त्याच्यापुढचा डोंगर आमच्यापेक्षा किती उंच असेल! शिक्षण परिषदेत एकदा मला एका सहकाऱ्यानं विचारलं, "म्हणजे फळ्यावर 'मले' लिहायचं का?" हो. पहिलीत लिहितो. मूल म्हणालं, "रातच्याले साप निघाला, बाबानं बॅटरी दाखवली," तर मी फळ्यावर तसंच्या तसं लिहितो आणि ते त्याच्याकडून वाचून घेतो. आपण बोललेलं भिंतीवर टिकून राहतं, हे त्याच्या डोळ्यांना दिसलं पाहिजे. तिसरीत मात्र 'मले' आणि 'मला' दोन्ही फळ्यावर शेजारी शेजारी असतात. आजीला पोस्टकार्ड लिहायचं तर कुठला शब्द, ग्रामपंचायतीला नळाबद्दल अर्ज करायचा तर कुठला, हे मुलंच ठरवतात. अजून एकदाही त्यांचा घोळ झालेला नाही. बाजारात जाताना आणि लग्नाला जाताना वेगळे कपडे घालायचे, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही.

वर्गात मी करतो ते फार काही नाही. द्विशिक्षकी शाळा, माझ्याकडे दोन वर्ग एकत्र. आठवड्यातून दोनदा, खिचडी झाल्यावर अर्धा तास. पहिली दहा मिनिटं नुसतं बोलणं. न बोललेलं मूल लिहीत नाही, हे मी फार उशिरा शिकलो. आधी कोरी वही पुढे टाकून 'लिहा' म्हणायचो आणि मुलं पेन्सिलीला टोक करत बसायची. मग लिहिणं. पहिलीची मुलं चित्र काढतात आणि खाली जमेल ते लिहितात. 'ब' नुसता लिहिला तरी तो बैलाचा ब असतो. तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तर पानं पुरत नाहीत, प्रत्येकाचा लाकडी बैल, त्याची झूल, कुणाला किती बोजारा (ओवाळणी) मिळाला, सगळा हिशेब असतो. मी लाल पेन बाजूला ठेवतो. एका आठवड्यात एकच गोष्ट बघतो, या आठवड्यात फक्त अनुस्वार, पुढच्या आठवड्यात फक्त वाक्य संपल्यावरचा पूर्णविराम. आणि खाली शेरा देण्याऐवजी मला खरोखर पडलेला एक प्रश्न लिहितो. 'मग सकाळी बकरीनं काय केलं?' मूल त्याचं उत्तर लिहितं. न सांगता लिहितं. तिसरीपर्यंत मुलं आपलं जुनं पान काढून स्वतःच दुरुस्त करायला लागतात, विशेषतः ते भिंतपत्रकावर लागणार असेल तर. लोक वाचणार म्हटल्यावर वेलांटी आपोआप महत्त्वाची होते.

सगळ्यांना जमतं असं नाही. एक मुलगा अख्खं वर्ष "मी शाळेत आलो. मी घरी गेलो" एवढंच लिहीत राहिला. मी काय काय केलं, त्याच्या पुढे काही आलं नाही. मतदार याद्यांच्या कामात महिना गेला की सगळ्यांचीच गाडी रुळावरून घसरते. हेही आपल्याला माहीत असावं म्हणून लिहिलं.

आणि हे काही विलायती खूळ नाही. शिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला १९४५ साली काम सुरू केलं, पुढे कोसबाडला नेलं, तिथं मुलाच्या अंगणापासून शिक्षण सुरू होत होतं. कोल्हापूरला लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय काढलं. फलटणच्या बोलींवर पीएच.डी. केलेल्या मॅक्सिन बर्नसन त्याच फलटणमध्ये राहिल्या आणि मागे पडलेल्या मुलांच्या वाचन-लेखनासाठी आयुष्यभर झटल्या. आमच्या प्रशिक्षणांत ही नावं एखाद्या स्लाइडवर येऊन जातात. त्या स्लाइडही आम्ही उतरवून घेतो.

एक प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. दिवाळीनंतर आमच्याकडची काही घरं वीटभट्टीवर जातात. चौथीतला एक मुलगा असाच गेला. वर्गातल्या मुलांनी त्याला पत्रं लिहिली, मी सांगितलं नव्हतं. भट्टीचा पत्ता कुणालाच ठाऊक नव्हता, म्हणून त्या पत्रांचे फोटो काढून मी त्याच्या बापाच्या फोनवर पाठवले. नऊ दिवसांनी उत्तर आलं. हिशेबाच्या वहीच्या पानावर पेन्सिलीनं लिहिलेलं, त्याचाही फोटो. "इथं शाळा नाही. रातच्याले भट्टी लाल दिसते. मी इटा मोजतो. माही पाटी कोणाले देऊ नका."

त्या पानात चुका किती, हे मी मोजलं नाही. पाटी कपाटात ठेवली.

तर माझी विनंती. पुढच्या भेटीला वह्यांचा गठ्ठा मागू नका, बाकावरून स्वतः कोणतीही एक वही उचला. शक्य तर शेवटच्या रांगेतली. आणि त्या मुलाला विचारा, "यात तू स्वतःच्या मनानं लिहिलेलं कुठलं आहे, दाखव." त्यानं पान उघडलं तर ते वाचा, अक्षर वाईट असलं तरी. त्याला त्या मजकुराबद्दल काहीतरी विचारा, बकरीबद्दल, सापाबद्दल. त्यानं पान उघडलं नाही तर मला विचारा. मला उत्तर द्यावं लागेल, आणि मला ते हवं आहे. एखाद्या वहीत लाल शाई कमी दिसली तर लगेच 'वही तपासलेली नाही' असं लिहू नका. शिक्षकानं काय पाहिलं आणि काय मुद्दाम सोडलं, ते त्याला सांगू द्या. वर्गाच्या भिंतीवर लावलेल्या तक्त्यांऐवजी मुलांच्या वाकड्यातिकड्या ओळी दिसल्या तर त्याला अस्वच्छता म्हणू नका. एका केंद्रात साधारण दहा शाळा असतात. आपण एकदा एका शाळेत हा प्रश्न विचारला की दुपारपर्यंत बाकीच्या नऊ शाळांत फोन गेलेला असतो, हे आपल्यालाही माहीत आहे. आम्ही आजवर आपण जे बघता तेच तयार ठेवलं. हेही ठेवू.

आपला,
द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेतला एक सहायक (की साहाय्यक) शिक्षक

ता. क. आमच्या चौथीच्या मुलांना आता शेरेबुक वाचायचा नाद लागला आहे. मागच्या भेटीचा शेरा होता, 'शाळेस भेट दिली. कामकाज समाधानकारक.' त्यावर एकीनं मला विचारलं, "सर, म्हणजे साहेबांनी काय पाहिलं?"